प्रभुभोजनाआधी

प्रभुभोजनाचा प्याला समोर आला तेव्हा आनंदने हात पुढे केलाच नाही. तो चर्चमधून उठला आणि कल्याणहून रिक्षा करून थेट टिटवाळ्याला बहिणीकडे गेला.

वासंतीने दार उघडलं. "दादा, तू? उपासना संपली एवढ्यात?"

"बाबा कसे आहेत?"

"डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत."

आतल्या खोलीत बाबा छताकडे बघत पडले होते. दीड वर्षापूर्वी अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. तरी गेल्या महिन्यापर्यंत ते उशीला टेकून बसायचे, आनंदला बघून हसायचे. आज त्यांनी मानही वळवली नाही. वासंतीने ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसले, चादर सारखी केली. चर्चच्या मंडळीतले सगळे म्हणत, मुलगी असावी तर अशी.

आनंदला ते बघवेना. "वासू, बाहेर ये जरा. मला काहीतरी कबूल करायचंय."

ती हात पुसत बाहेर आली.

"नयनशी ठरलेलं तुझं लग्न मोडलं ना, तेव्हा त्याच्या घरी एक पत्र गेलेलं. तुला फिट्स येतात म्हणून."

"माहितीये." तिचा आवाज थंड होता. "त्याची आई वारली, तिच्या कपाटात सापडलं त्याला. गेल्याच महिन्यात पाठवलंन माझ्याकडे. बाबांचं अक्षर आहे."

"बाबांचं नाही. मी तसं काढलेलं."

मग तो थांबला नाही. वीस वर्षांपूर्वी त्याला बायकोला घेऊन वेगळं राहायचं होतं. वासंती सासरी गेली असती तर बाबांपाशी त्यालाच राहावं लागलं असतं. "रोज देवाकडे क्षमा मागत आलो, वासू. तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही. बाबांना यातलं काहीसुद्धा ठाऊक नव्हतं गं."

वासंतीने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"मी विचारलेलं त्यांना," ती म्हणाली. "पत्र डोळ्यांसमोर धरून विचारलं. ते नुसते रडत राहिले. मला वाटलं, कबूल करतायत."

"शिव्या घाल मला. बाबांना आपण दोघं मिळून सांगू."

तिने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"दादा, त्या दिवसापासून मी त्यांना औषधाची एकही गोळी दिलेली नाहीये."