शेजारची जागा

आजोबांना विसरायचा आजार जडला आणि गेल्या महिन्यात त्यांनी गाडी थेट फुटपाथवर चढवली. आजींच्या जिवाला घोर लागला. लेक म्हणाला, "आई, ही चावी गाडीत असल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. चोर आत शिरला तरी गाडी जागची हलणार नाही, तिथे बाबांचं काय? तू फक्त चावी सांभाळ." तेव्हापासून चावी आजींच्या कनवटीला असे, अगदी झोपेतसुद्धा.

आजोबा रोज दुपारी फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसत, बटण दाबत, "बॅटरी उतरली वाटतं," असं पुटपुटत चहाला परत येत. दार तेवढं आजी मुद्दाम उघडं ठेवत. तेवढंच त्यांचं समाधान.

आज चहा निवला तरी ते आले नाहीत. आजी बाहेर गेल्या, तर ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले. "हल्ली माझ्या शेजारी कुणी बसतसुद्धा नाही गं," ते म्हणाले.

या माणसाशेजारी बसून आजींनी किती घाट पालथे घातले होते. त्यांना गलबलून आलं. "बसते हो घटकाभर," म्हणत त्यांनी आत बसून दार ओढून घेतलं. समोरची शाळा नुकतीच सुटली होती. पोरं घोळक्याने रस्ता ओलांडत होती.

आजोबांनी सवयीने बटण दाबलं. इंजिन घरघरलं. आजींचा हात कनवटीकडे गेला आणि तिथेच गोठला.


"बघ," गिअर टाकत आजोबा हसले, "तू शेजारी बसलीस की कशी लगेच सुरू झाली."