गोठ्यातले चार दिवस

"रांजणाला शिवू नको," धुरपताबाई म्हणाल्या.

गंगासागरच्या हातातला तांब्या हवेतच राहिला. तिच्या लुगड्यावरचा डाग तिच्याआधी सासूला दिसला होता. पोर जेमतेम पाच महिन्यांचे, अंगावर पिणारे. इतक्यात पाळी परत येईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. धुरपताबाईंना मात्र त्यात सुनेचा गुन्हा सापडला. त्यांची पाच बाळंतपणे झाली होती आणि पोराला दात येईस्तोवर त्या कधी बाहेर बसल्या नव्हत्या. ही लवकर बसली, त्या अर्थी हिचे दूध नासले. नातवाला लागलेली हगवण त्या अर्थी ह्याच दुधाची.

"विटाळाचं दूध पाजून राहिली," शेजारच्या भामाबाईला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या. "पोर बाळसं धरंल कसं?"

गंगासागर पोराला घेऊन गोठ्यात गेली. गोठा रिकामा होता. दुष्काळामुळे जनावरे चाऱ्याच्या छावणीत होती. नवरा लातुरात होता. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या उघडल्या, त्यांतल्या एकीत तो शिपाई म्हणून लागला होता. त्याच नव्या जिल्ह्याचा टँकर गावच्या कोरड्या विहिरीत पाणी ओतून जाई. दोर, बादल्या, पाय आणि भांडणे यांतून वर आलेले ते पाणी धुरपताबाईंच्या रांजणात पडे, आणि रांजणातून नातवाच्या घुटीत. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा त्या रोज सकाळी स्वतः उगाळीत आणि वाटीभर पाजीत. पाणी उकळायला सरपण कोणाकडे नव्हते. उकळावे असे कोणाच्या मनातही येत नव्हते.

बाहेर बसलेलीचे तान्हे आईजवळच राहते. त्याला जो शिवेल त्याने डोक्यावरून पाणी घ्यायचे, हा नियम जुना. इतर साली तो पाळणे सोपे होते. त्या साली माणसे आठवड्यातून एकदा अंग ओले करीत. घुटी पाजायला नातवाला उचलायचे म्हणजे एक घागर गेली. धुरपताबाईंनी नातू आणि घागर मनातल्या मनात तोलून पाहिली आणि वाटी पालथी घातली.

चार दिवस पोराच्या तोंडात आईच्या दुधाखेरीज काही गेले नाही. हगवण ओसरली. चौथ्या दिवशी ते आढ्यावरच्या चिमणीकडे पाहून हसले. मग गंगासागर न्हाऊन घरात आली, वाटी सुलटी झाली, आणि बघता बघता पोराचे डोळे पुन्हा खोल गेले.

गंगासागर त्यावर विचार करीत राहिली. दूध गोठ्यात तेच होते, घरातही तेच. विटाळ तर गोठ्यातच होता, आणि पोर बरे झाले ते तिथेच. बदलली होती ती फक्त वाटी.

काही दिवस घुटी थांबवून पाहू का, असे तिने विचारले. धुरपताबाईंनी मुरुडशेंग सहाणेवर ठेवली.

"माझी पाच ह्याच घुटीवर वाढली. तू काल आली. लई शहाणपण सुचून राहिलं असंल तर माहेरची वाट धर. पोर मी लोह्याला लेकीकडं धाडते. तिला दूध हाय, तेबी चोख."

ही पोकळ धमकी नव्हती. लोह्याचा जावई बाजाराच्या दिवशी येणार होता आणि त्याला तसा निरोपही गेला होता. पलीकडच्या गल्लीतले एक पोर त्याच आठवड्यात हगवणीने गेले होते. त्याच्या आजीला घुटी पाजण्याची फार हौस होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी भरली आणि धुरपताबाईंनी नातवासाठी हात पसरले. गंगासागर पोराला छातीशी धरून मागे सरली.

"शिवू नका, आत्याबाई. मला पुन्हा अडचण आली."

धुरपताबाईंचे हात तसेच राहिले. मागले न्हाण होऊन पुरता पंधरवडा झाला नव्हता. ही कसली तऱ्हा, हिच्या माहेरच्या बायकांचे रक्तच पातळ, असे त्या बोलू लागल्या. निवाडा दिला तो उंबऱ्याशी आलेल्या भामाबाईने.

"अंगावर पाजणारीचं असंच असतंय, धुरपताबाई. एकदा परत सुरू झालं की ताळ न्हाई त्याला. कधी दोन-दोन महिने गप, कधी लगोलग."

धुरपताबाईंनी सुनेकडे पाहिले, वाटीकडे पाहिले आणि शेवटी रांजणाकडे पाहिले. रांजण निम्म्याखाली होता.

"जा, मर गोठ्यात," त्या म्हणाल्या.

जावई आला, भाकरी खाल्ली आणि रिकाम्या हाताने लोह्याला परत गेला. दुष्काळात विटाळाचे पोर घेऊन जायला तोही तयार नव्हता. गोठ्यात पोर सुधारले. त्याच्या गालांवर तकाकी आली. धुरपताबाईंनी ते लांबून, पदर सावरून पाहिले.

"बघ. माझ्या घुटीचा गुण आता लागला," त्या म्हणाल्या. "न्हाऊन आत ये, मग दुप्पट उगाळते."

"हाव," गंगासागर म्हणाली. भामाबाईचा 'लगोलग' हा शब्द तिने जपून ठेवला होता.

संध्याकाळी ती गोठ्यामागे चिंध्या धुवायला बसली. सासूला आवाज जावा म्हणून तिने त्या दगडावर जोरजोरात आपटल्या. मग घट्ट पिळल्या. खाली पडलेले पाणी टँकरातून आले होते तसेच होते, मातकट. त्यात लाल काही नव्हते.