गरम लागेल ती

धम्मपालकाका टीव्ही दुरुस्तीतून निवृत्त झाले आणि घाटकोपरच्या खोलीत जुने घरगुती कॉम्प्युटर आणून उघडू लागले. निवृत्तीनंतर माणसाला एखादा शत्रू लागतोच.

आजचा शत्रू चाळिशीचा होता. सगळं यंत्र कीबोर्डाच्या पोटात आणि पडद्याऐवजी जुना टीव्ही. बटण दाबलं की लाल दिवा लागे, पडदा मात्र काळाच राही.

मागे कॉटवर शकूकाकू तापाने फणफणत होत्या. "अहो, तो डबा भंगारात द्या ना! माझ्यापेक्षा त्याचीच सेवा चाललीय."

"अगं, सोपं असतं. आतल्या एकेका चिपला बोट लावायचं. गरम लागेल ती बिघडलेली. ती उपटून टाकायची."

त्यांनी शेवटच्या चिपवर बोट टेकवलं. तीही बर्फासारखी गार.

तेवढ्यात टीव्हीच्या काळ्या काचेत त्यांना आपली खोली दिसली. काचेतले काका खुर्चीवर नव्हते. ते खोलीभर फिरत एकेका वस्तूला बोट लावत होते. कपाटाला लावलं, मग माठाला, मग काकूंच्या औषधाच्या बाटलीला. घाई अजिबात नव्हती. मुरलेला मेकॅनिक असाच काम करतो.

काकांना मागे वळायचं होतं, पण चिपवरचं बोट सुटेना.

काचेतला माणूस कॉटपाशी थांबला आणि वाकला.

"अय्या, किती गार हात तुमचा," मागून काकू सुखावून म्हणाल्या. "राहू द्या कपाळावर. बरं वाटतंय... अहो, ओढताय काय असं?"