नाशकातली दुसरी गाडी

त्या स्वस्त परदेशी गाडीला गिऱ्हाईकच मिळेना, म्हणून कंपनीनं दोन वर्षांत ती बनवायचं बंद केलं. १९७८ साली अख्ख्या नाशकात तसल्या दोनच गाड्या उरल्या होत्या. एक माझी, नाशिक रोडच्या वकिलाची, आणि दुसरी फुलांचा मळा असलेल्या कोंडाजीची. सुटा भाग मुंबईतही मिळत नसे.

कोंडाजी दर रविवारी फुलांची पुडी घेऊन घरी यायचा. "साहेब, गाडी कशी हाय?" असं विचारत बॉनेटवरून हात फिरवायचा.

"गिधाड आहे," मी बायकोला म्हणायचो. "माझी गाडी कधी भंगारात निघते याची वाट बघतोय." माझ्या गाडीचा कार्बोरेटर गेला, तेव्हा कोंडाजीला संशय यायला नको म्हणून मी सांगून टाकलं की गाडी रंगवायला काढली आहे.

पुढच्याच महिन्यात चांदवडच्या घाटात कोंडाजीची गाडी झाडावर आदळली. खबर कळताच मी पहिली एसटी धरली. दवाखान्यात पोचलो तेव्हा तो डोक्याला पट्टी बांधून झोपला होता. त्याची बायको सखुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सख्खं कोनी अजून आलं नाय. तुम्हीच पहिले आले, भाऊ." मग इकडंतिकडं बघत तिनं विचारलं, "हितं पेट्रोलचा वास कशाचा येतोय?"



मी पायाजवळची पिशवी हळूच मागं सरकवली. घाटात उतरून काढून आणलेल्या कोंडाजीच्या कार्बोरेटरमधून अजून पेट्रोल ठिबकत होतं.