वारा सुटला की

वारा सुटला की विजेच्या तारा तुटून आग लागायच्या भीतीने कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या त्या गावाची वीज बंद करायचे. डेल्बर्टचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालायचं, म्हणून व्हर्ना नवऱ्याला छोट्या सिलिंडरसकट गाडीत घालून चर्चच्या हॉलवर न्यायची. तिथे जनरेटर होता, पत्ते होते, अख्खं गाव होतं. एरवी वर्षभर दोघं घरातच.

यंदा लेकीनं गॅरेजमध्ये मोठी बॅटरी बसवून दिली. "आता वीज जाऊ दे नाहीतर राहू दे, आई. तुम्हाला उंबरा ओलांडायला नको!"

ऑक्टोबरात वारा सुटला. घडीच्या खुर्च्या घेऊन हॉलकडे निघालेली शेजारीण खिडकीशी थांबली. "मजा आहे बाई तुमची!"

व्हर्ना दोन दिवस यंत्राची घरघर ऐकत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला राहवेना. डेल्बर्ट झोपलाय असं समजून ती बॅटरीचा खटका पाडायला चोरपावलांनी गॅरेजमध्ये गेली.


डेल्बर्ट कोट घालून, सिलिंडर खांद्याला अडकवून, खटक्यावर हात ठेवून उभा होता. "बॅटरी बिघडली वाटतं गं," तो म्हणाला, "हॉलवर जावं लागणार."