भोंग्याचा तास

ग्रंथपाल बाईंचा घसा बसला तो नेमका गोष्टीच्या तासाला. तोंड उघडलं तर आतून नुसती हवा. दुसरीचा अख्खा वर्ग चटईवर मांडी ठोकून बसलेला, आणि बाई पुस्तक हातात धरून माशासारखी तोंडाची उघडझाप करताहेत.

"बाई, मोठ्यानं!"

बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं. "घसा बसलाय," त्या कशाबशा कुजबुजल्या.

"मग उठवा ना त्याला," पहिल्या ओळीतून सल्ला आला. फुकटच्या सल्ल्यात दुसरीचा वर्ग मोठ्या माणसांना हार जाणारा नव्हता.

मुख्याध्यापक सर दारातच उभे होते. गोष्टीच्या तासावर त्यांचा पहिल्यापासून डोळा. हा तास पाढ्यांच्या खाती जमा झाला तर शाळेचं किती भलं होईल, हे ते दर बैठकीत सांगत, आणि दर बैठकीत बाई भांडभांड भांडून आपला तास राखत. आज बाईंकडे भांडायलाच आवाज नव्हता. अशी संधी सोडतील ते सर कसले!

"राहू द्या बाई, घशाला आराम द्या. पोरांना मी नेतो. आणि एकदा घडी बसली की पुढंही मीच घेत जाईन म्हणतो हा तास. तुम्हाला तेवढाच ताप कमी."

बाईंनी मान इतक्या जोरात हलवली की चष्मा नाकावरून घसरला.

"बरं बुवा," सर म्हणाले, "एक चक्कर मारून येतो. गोष्ट चालू दिसली तर तुमचा तास. नाहीतर माझा. कायमचा."

सर गेले. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. नीट वाचणारी मुलं होती, नाही असं नाही. पण त्यांचा आवाज पहिल्या ओळीतच बसकण मारायचा. उरला भोंगा. म्हणजे दाराजवळ बसलेली ती वीतभर मुलगी. तिची कुजबुज मैदानापलीकडे ऐकू जाई. दर आठवड्याला गोष्ट रंगात आली की ती काहीतरी किंचाळे आणि बाई तिला बाहेर काढत. त्यामुळे भोंग्याला सगळ्या गोष्टींच्या सुरुवाती पाठ होत्या, शेवट मात्र एकीचाही ठाऊक नव्हता.

बाईंनी नाक मुठीत धरलं आणि पुस्तक तिच्यापुढे केलं.

भोंग्यानं आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग दाराकडे. "शेवटपर्यंत वाचू?"

बाईंनी मान डोलावली.

मग काय विचारता! भोंगा वाचायला लागला तशी खिडकीची तावदानं थरथरली. अक्षर दिसलं की वाचायचं, एवढंच तिला ठाऊक. सोडायचं काय, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. राक्षसानं म्हातारीचं कोकरू पळवलं. म्हातारी काठी टेकत टेकत थेट त्याच्या गुहेत गेली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राक्षसा, माझं कोकरू—"

भोंग्यानं पान उलटलं. वरच्या मोकळ्या जागेत वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. बाईंनीच मारलेला, कोरी जागा दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा.

"आठ दिवसांत परत करावे!" भोंगा गरजला. "पाने दुमडू नयेत! हुकमावरून, मुख्याध्यापक!"

वर्गानं कान टवकारले.

बाई धडपडत उठल्या. "ते नाही, ते नाही," असं त्यांचे ओठ म्हणाले, पण ते ऐकणार कोण?

"कोकराला पानं कुठून आली गं?" एकानं विचारलं.

"कान रे, कान! म्हातारीला दात नाहीत. कानाचं पान झालं तिच्या तोंडात."

"बरोबर आहे. कान दुमडले की दुखतं कोकराला."

"आणि आपले सर पण आहेत गोष्टीत?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"आहेत म्हणजे काय! म्हातारीला हुकूम कुणी दिला मग?" भोंग्यानं शिक्क्यावर बोट आपटलं. "छापलंय इथं."

एवढं झाल्यावर चटईवर कोण बसतंय? "हुकमावरून! हुकमावरून!" करत अख्खा वर्ग राक्षसाच्या गुहेत घुसला. कुणी काठी टेकली, कुणी कमरेवर हात ठेवले. बाई तोंडावर पदर दाबून खुर्चीत बसल्या. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाजाचा मात्र पत्ता नाही. साऱ्या खोलीत वाचनालयाची शिस्त पाळणारं तेवढं एकच माणूस होतं.

तेवढ्यात सर दारात आले. "हे काय चाललंय?"

कुणी घाबरलं नाही. उलट सगळ्यांचे डोळे लकाकले. मुलांनी पटापट चटईवर परत बसत, सरकून वाट करून दिली, आणि भोंग्यानं त्यांना सगळं रीतसर सांगितलं: कोकरू, म्हातारी, दुमडू नयेत ते कान, आणि तिला पाठवणारे सर.

"सर, राक्षस हसतोय बघा! पुढं तसंच लिहिलंय. त्यानं नाही दिलं कोकरू तर तुम्ही काय करणार?"

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात जोडले. हसून हसून त्यांचा जीव चालला होता. सरांनी शिक्क्याकडे पाहिलं. मग चटईवर वाट पाहत बसलेल्या त्या तोंडांकडे.

सदऱ्याची कॉलर नीट करून ते मुलांच्यात खाली बसले.

"वाच पुढं," ते म्हणाले. "मी काय केलं, ते मलाही कळू दे."