ताडाला बांधलेला दोर

मद्रासबाहेर, शोळिंगनल्लूरच्या खाडीकाठी, भर दुपारी डॉक्टर सरोजिनी देवधरांची जीप चिखलात रुतली. पुढे कोळ्यांच्या कुप्पमात, म्हणजे किनाऱ्यावरच्या वस्तीत, एक बाई बाळंतपणात अडली होती.

जीपच्या पुढचा विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणारा दोराचा रहाट, सरोजिनीबाईंनी स्वतः पारखून घेतला होता, इंजिनावर चालणारा. दर रविवारी त्या त्याचा पोलादी दोर सगळा उलगडून, पुसून, तेल लावून पुन्हा गुंडाळत. आज त्यांनी तो समोरच्या ताडाला बांधला. जीप सहज कोरड्यावर आली.

स्टिअरिंगवर बसलेल्या बाईंनी इंजिन बंद केलं. विंच फिरतच राहिला. ब्रेक दाबूनही जीप ताडाकडे सरकू लागली.

"वेण्डाम, नको अम्मा," शेजारी बसलेला तंजावरकडचा ड्रायव्हर राघोत्तम म्हणाला. "उतरा. जीप राहू दे त्याला."

"त्याला म्हणजे कुणाला?"

राघोत्तमने ताडाकडे बोट केलं.

"जीप माझी आहे. आणि ती बाई माझी वाट बघतेय."

त्यांनी इंजिन चालू केलं, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी कुप्पमाच्या रस्त्याला घातली.

दोर तुटला नाही. मिठागरं, होड्या, वाळत टाकलेली जाळी भराभर मागे गेली. उजवीकडचा ताड मात्र तेवढ्याच अंतरावर राहिला.

"येऊ दे त्यालाही," म्हणत बाईंनी वेग वाढवला.

तेव्हा ताणलेला दोर हळूहळू सैल पडू लागला; ताड जवळ येत होता.